फाडलेल्या वहीतली नावं

आमच्या पवनीच्या जंगलात काही वर्षांपूर्वी एक वाघ राहायला आला होता. त्याचं नाव 'जय'. नागझिऱ्यात वाढलेला हा वाघ २०१३ मध्ये तिथून निघाला आणि उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात येऊन पोचला. मधे जंगलाचे तुकडे, धानाची शेतं, रस्ते, गावं आणि आमची वैनगंगा. नदी ओलांडल्याशिवाय त्याला इकडे येताच आलं नसतं. चांगला धिप्पाड गडी. त्याला पाहायला कुठून कुठून गाड्या येऊ लागल्या. पण त्याचं नाव 'जय' का, हे मात्र कोणी विचारलं नाही. नागझिऱ्यात त्याचा एक भाऊ होता आणि त्याचं नाव होतं 'वीरू'. एवढं सांगितलं की ज्याला त्याला कळायचं.

'शोले' पडद्यावर आला १५ ऑगस्ट १९७५ रोजी. त्यानंतर पस्तीसेक वर्षांनी जंगलात दोन बछडे जन्मतात आणि त्यांना नावं सुचतात ती त्या सिनेमातली! पुराणातली नाहीत, इतिहासातली नाहीत. मी आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवला. माझ्यासारख्या मास्तराला ही गोष्ट थोडी खटकायला हवी होती. पण खटकली नाही. उलट माझीच एक जुनी चूक आठवली. आज ती तुम्हाला सांगणार आहे. पण त्याआधी थोडं पवनीविषयी आणि थोडं सिनेमाविषयी बोलावं लागेल.

पवनी हे वैनगंगेच्या काठचं जुनं गाव. एका बाजूला नदी आणि उरलेल्या बाजूंना तट आणि खंदक. घाट आणि देवळं इतकी, की लोक पवनीला विदर्भाची काशी म्हणतात. १९६९-७० मध्ये नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी इथल्या जगन्नाथ टेकडीवर उत्खनन केलं आणि मातीखालून दोन हजार वर्षांपूर्वीचा बौद्ध स्तूप बाहेर आला. त्या स्तूपाच्या कठड्याच्या खांबांवर ब्राह्मी लिपीत छोटे छोटे लेख आहेत. त्यांत लढाया नाहीत, राजांच्या वंशावळी नाहीत. खांबासाठी ज्यांनी दान दिलं, त्या माणसांची नावं आहेत. पवनीतच आणखी एक शिलालेख सापडला आहे, तो मात्र एका बड्या असामीचा. महाक्षत्रप कुमार रुपिअम्म याच्या स्मरणार्थ उभारलेला तो स्तंभ. त्या लेखात त्या स्तंभाला शब्द वापरला आहे 'छायाखंभ'. म्हणजे माणूस गेला, पण त्याची छाया दगडावर राहिली.

मला हे दोन्ही लेख एकमेकांशेजारी ठेवून पाहायला आवडतं. एकीकडे प्रसिद्ध माणसाची छाया आणि दुसरीकडे ज्यांच्या पैशानं आणि हातांनी काम उभं राहिलं त्यांची नावं. सिनेमाचंही असंच आहे. पडद्यावर छाया दिसते ती एकाची आणि तिच्यामागे माणसं असतात शंभर.

सिनेमाच्या सुरुवातीला तर या माणसांना आपलं नाव लपवावं लागत होतं. दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कोरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये लागला. त्याच्या तयारीच्या काळात सिनेमात काम करतो असं सांगणं म्हणजे अब्रू घालवणं होतं. मग फाळके आपल्या नटांना सांगत, कोणी विचारलं तर हरिश्चंद्राच्या फॅक्टरीत कामाला आहे म्हणा. तारामतीच्या भूमिकेसाठी बाई मिळेना. शेवटी ग्रँट रोडवरच्या एका हॉटेलात काम करणारे अण्णा साळुंके तारामती झाले. पुढे १९१७ च्या 'लंकादहन'मध्ये हेच साळुंके राम झाले आणि सीताही झाले. पडद्यावर राम दिसला की प्रेक्षक हात जोडत, असं त्या काळच्या आठवणींत सांगितलं जातं. एका बाजूला लपवायला लागणारं नाव आणि दुसऱ्या बाजूला नमस्कार! फाळक्यांच्या पत्नी सरस्वतीबाई कच्च्या फिल्मला कडेची भोकं पाडत, साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक करत. त्यांचं नाव लोकांना कळायला मात्र खूप वर्षं जावी लागली.

आमचा भंडारा जिल्हा तेव्हा मध्यप्रांत आणि वऱ्हाडात होता. १९५६ मध्ये तो मुंबई राज्यात आला, १९६० मध्ये महाराष्ट्रात. राज्यांच्या सीमा बदलल्या, पण सिनेमाच्या धंद्याचा नकाशा बदलला नाही. वितरक मंडळी आमच्या भागाला आजही 'सीपी बेरार'च म्हणतात आणि या भागातल्या वितरकांची, थिएटरवाल्यांची मध्यवर्ती संघटना भुसावळला आहे. मुंबईत लागलेला सिनेमा आमच्यापर्यंत पोचायला तेव्हा महिने लागत, कधी वर्षं. शहरात धावून धावून ओरखडे पडलेली, ठिकठिकाणी जोडलेली रिळं मग तंबूतल्या टॉकीजवाल्यांच्या हाती पडत.

मी लहान होतो तेव्हा असा तंबू यायचा तो दिवाळीनंतर, मंडईच्या दिवसांत. धान कापून झालेलं असायचं. लोकांच्या हातात चार पैसे असायचे. दुपारी भोंगा लावलेली बंडी गावातून फिरायची, रंगीत पत्रकं उधळायची आणि आम्ही पोरं ती झेलायला मागे धावायचो. संध्याकाळी कनातीच्या आत एका अंगाला बाया, दुसऱ्या अंगाला बापे. खाली तणस अंथरलेली. अंगावर चादरी. रीळ तुटलं की अंधारात शिट्ट्या सुरू व्हायच्या आणि मागून ऑपरेटरचा आवाज यायचा, "थांबा ना जी, जोडून राह्यलो!"

अशाच एका तंबूत मी आजीच्या मांडीवर बसून 'संत तुकाराम' पाहिला. सिनेमा १९३६ चा, प्रभात कंपनीचा, दामले-फत्तेलालांचा. व्हेनिसच्या महोत्सवात त्याचं कौतुक झालं ते १९३७ मध्ये. आजीला व्हेनिस ठाऊक नव्हतं. तिनं तंबूबाहेर चपला काढल्या, पडद्यापुढे एक नाणं ठेवलं आणि मगच ती तणशीवर टेकली. घरी देवघराशेजारी तुकोबांचं चित्र असलेलं कॅलेंडर होतं. ते चित्र पडद्यावरच्या तुकोबांसारखंच होतं. आजीचं म्हणणं, "तुकोबा असेच दिसत होते." मोठा झाल्यावर कळलं की ते विष्णुपंत पागनीस. रंगभूमीवर स्त्रीभूमिका करून नाव मिळवलेला नट. तुकारामांना कोणी प्रत्यक्ष पाहिलेलं नाही, पण महाराष्ट्राच्या मनात तुकोबांचा चेहरा बसला तो पागनिसांचा!

याच सिनेमाची आणखी एक गंमत आहे. त्यातलं बीज आणि झाड यांच्यावरचं गाणं शांताराम आठवल्यांनी लिहिलं. पण लोकांनी ते तुकारामांचाच अभंग म्हणून भजनात घेतलं. भल्याभल्यांची फसगत झाली. कवीच्या दृष्टीनं हा मोठाच मान. पण त्याच मानापायी कवीचं नाव पुसलं गेलं.

लोकांना फक्त चेहऱ्याचं वेड असतं, असं आपण म्हणतो. ते पूर्ण खरं नाही. १९४९ च्या 'महल' सिनेमातलं गाणं रेडिओवर वाजू लागलं, तेव्हा तबकडीवर गायिकेचं नाव होतं 'कामिनी'. ते सिनेमातल्या पात्राचं नाव! गाणारी खरी कोण, असं विचारणारी पत्रं श्रोत्यांनी आकाशवाणीला पाठवली आणि मग लता मंगेशकर हे नाव सांगितलं गेलं. पडद्यामागचं नाव त्या वेळी लोकांच्या उत्सुकतेनं बाहेर काढलं.

आकाशवाणीचं नागपूर केंद्र १९४८ मध्ये सुरू झालं. त्यानंतर चारच वर्षांनी, १९५२ मध्ये, बाळकृष्ण केसकर हे मराठी गृहस्थ केंद्रात नभोवाणी मंत्री झाले. शास्त्रीय संगीताचे ते मोठे चाहते. सिनेमाच्या गाण्यांनी देशाची अभिरुची बिघडते असं त्यांचं मत. आकाशवाणीवरून ती गाणी जवळजवळ हद्दपार झाली. लोकांनी काय केलं? रेडिओची सुई सिलोनकडे वळवली. त्याच वर्षाच्या अखेरीस तिथून अमीन सयानींची 'बिनाका गीतमाला' सुरू झाली. शेवटी ३ ऑक्टोबर १९५७ रोजी आकाशवाणीला 'विविध भारती' सुरू करावी लागली. सरकारनं हौसेपुढे माघार घेतली, असं मी इतिहासात फार कमी वेळा वाचलं आहे.

रेडिओनं दोन गोष्टी केल्या. गाण्याआधी गायक, गीतकार, संगीतकार यांची नावं सांगण्याची सवय लावली. आणि फर्माईश करणाऱ्यांची नावं वाचून दाखवली. झारखंडातलं झुमरी तलैया हे छोटं गाव केवळ फर्माइशीच्या पत्रांमुळे देशभर माहीत झालं. एका पोस्टकार्डात आपलं आणि गावाचं नाव दिल्ली-मुंबईच्या मोठ्या नावांबरोबर हवेत जातं, ही त्यातली खरी ओढ होती. स्तूपाच्या खांबावर नाव कोरून घेणाऱ्याला याहून वेगळं काय वाटत असेल?

आता माझ्या चुकीकडे येतो.

साल १९७७ किंवा ७८. मी नुकताच मास्तर झालो होतो. अंगात शिस्तीचा भारी जोर. 'शोले' आणि 'जय संतोषी माँ' हे दोन्ही सिनेमे एकाच वर्षी, १९७५ मध्ये आले होते. आमच्या भागात त्यांची हवा अजून ओसरली नव्हती. वर्गात एक कोष्ट्याचा पोरगा होता. घरी माग, बाप धोटा फेकायचा आणि हा कांड्या भरून द्यायचा. अभ्यासात बेताचा. एकदा मी गुप्तकाळ शिकवत असताना तो बाकाखाली काहीतरी लिहीत होता. मी वही ओढून घेतली. पहिल्याच पानावर डिंकानं चिकटवलेला नटाचा फोटो. माझं डोकं फिरलं. सगळ्या वर्गासमोर ती वही मी उभी-आडवी फाडली.

तो रडला नाही. तुकडे गोळा करताना एवढंच म्हणाला, "सर, तारखा खऱ्या होत्या जी."

मी विचारलं नाही, कसल्या तारखा. पुढे त्याच्या वर्गमित्रांकडून कळलं. तंबूत, टॉकीजमध्ये कुठला सिनेमा कधी लागला, किती दिवस चालला, तिकीट किती होतं, हे तो त्या वहीत लिहून ठेवायचा. आणि पडद्यावर सुरुवातीला जी नावं झरझर जातात, ती तो दोन-तीनदा सिनेमा पाहून उतरवून घ्यायचा. कॅमेरा कोणाचा, संकलन कोणाचं, कपडे कोणाचे. नटाचा फोटो फक्त पहिल्या पानावर होता. बाकी सगळी वही न दिसणाऱ्या माणसांची होती.

आणि त्याच वर्षी मी वर्गाला टेकडीवर नेऊन सांगितलं होतं की बाबांनो, या दगडांवरची नावं आहेत म्हणून दोन हजार वर्षांपूर्वीच्या पवनीतली साधी माणसं आपल्याला माहीत आहेत!

'शोले'चंच उदाहरण घ्या. त्या सिनेमासाठी सुमारे तीन लाख फूट फिल्म चित्रित झाली होती. त्यातून वीसेक हजार फुटांचा सिनेमा कापून काढला माधव शिंदे यांनी, पडद्यावरचं नाव एम. एस. शिंदे. 'शोले'ला फिल्मफेअरचा एकच पुरस्कार मिळाला, तो संकलनाचा, याच मराठी माणसाला. २०१२ मध्ये ते गेले. गब्बरचे संवाद पाठ असलेल्या किती जणांना त्या दिवशी हे कळलं असेल? सलीम-जावेद यांना ही गोष्ट आधीच उमगली होती. १९७३ मध्ये 'जंजीर'च्या वेळी पोस्टरवर लेखकांची नावं नव्हती, तेव्हा त्यांनी रंगारी लावून मुंबईतल्या पोस्टरवर आपली नावं रंगवून घेतली, असं सांगतात. प्रत्येकाला रंगारी परवडत नाही. बाकीच्यांची नावं टिकतात ती कोणीतरी उतरवून घेतली तरच.

कारण सिनेमा दगडासारखा टिकत नाही. आपल्या देशात तेराशेच्या आसपास मूकपट निघाले, त्यांतले हाताच्या बोटांवर मोजावेत इतकेच धडपणे उरले आहेत. 'राजा हरिश्चंद्र'ची पहिली आणि शेवटची रिळं तेवढी आहेत, तीही फाळक्यांनी पुन्हा केलेल्या आवृत्तीची असावीत, असं काही अभ्यासक मानतात. १९३१ चा 'आलम आरा', आपला पहिला बोलपट, त्याची एकही प्रत सापडत नाही. पुण्यात १९६४ मध्ये राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झालं आणि पी. के. नायर यांनी गावोगाव हिंडून, अडगळीतले डबे उघडून रिळं गोळा केली. फाळक्यांच्या १९१९ च्या 'कालिया मर्दन'चे तुकडे त्यांनी असेच जुळवले. तरीही २००३ च्या जानेवारीत पुण्यात लागलेल्या आगीत जुन्या नायट्रेट फिल्मची रिळं जळून गेली. जिथं सिनेमाच हरवला, तिथं आधार उरतो तो पत्रकांचा, गाण्यांच्या पुस्तिकांचा आणि कोणीतरी लिहून ठेवलेल्या वहीचा.

निवृत्तीनंतर एका स्मरणिकेसाठी गावाच्या करमणुकीवर लेख लिहायला बसलो. दंडार, खडी गंमत, झाडीपट्टीची नाटकं यांवर चार माणसं बोलायला तयार होती. ती परंपरा जिवंत आहे. दिवाळीपासून होळीपर्यंत वडशाच्या कंपन्या रात्र रात्र नाटकं करतात आणि आता पोस्टरवर मुंबई-पुण्याच्या सिनेमातले चेहरेही मोठे छापतात, कारण गर्दी चेहऱ्याला होते. याच रंगभूमीवर हजारो प्रयोग केलेल्या परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली, तेव्हा आम्हाला घरच्या माणसाचा सत्कार झाल्यासारखं वाटलं. पण सिनेमावरचं पान रिकामंच राहिलं. तंबू कोणत्या वर्षी यायचा बंद झाला? 'संत तुकाराम' पवनीत किती वेळा लागला? एका कार्यालयात करमणूक कराचे जुने कागद मागितले. ते केव्हाच रद्दीत गेले होते. त्या दिवशी घरी येताना मला ती फाडलेली वही दिसू लागली. माझ्या गावाच्या इतिहासाचं एकमेव साधन एका इतिहासाच्या मास्तरानं फाडलं होतं.

मग मी त्याला शोधलं. शोधायचं काय, गावातच होता. साठी ओलांडलेला, कपड्यांच्या छोट्या दुकानात बसलेला. मी बराच वेळ इकडचं तिकडचं बोललो. शेवटी वहीचं बोललो आणि माफी मागितली. तो ओशाळला. "असू द्या ना, सर. तुमी मास्तर होते." मग स्वतःच गल्ल्यातून एक कोरी वही काढली.

त्या हिवाळ्यात आम्ही रोज दुपारी तासभर बसलो. तो आठवत गेला, मी लिहीत गेलो. 'शोले'च्या संकलकाचं नाव त्यानं न अडखळता सांगितलं. पण तारखांच्या बाबतीत फार काटेकोर. मी एकदा अंदाजानं साल घालू लागलो तर हात धरला. "आठवत नाही तिथं रिकामं सोडा, सर." इतिहास कसा लिहावा हे मी छत्तीस वर्षं शिकवलं. पण हा धडा मला त्यानं दिला.

त्या वहीत बऱ्याच जागा रिकाम्या आहेत. सगळ्यात मोठी रिकामी जागा आहे ती तंबूच्या ऑपरेटरची. "थांबा ना जी" म्हणणारा तो माणूस. पागनीस, लता, अमिताभ, सगळ्यांना पवनीत आणलं ते त्यानं. आम्ही दोघांनी खूप विचारून पाहिलं. त्याचा आवाज सगळ्यांना आठवतो. नाव कोणालाच आठवत नाही.

जय वाघाच्या गळ्यात रेडिओ कॉलर होती. १८ एप्रिल २०१६ नंतर तिचा संदेश येईनासा झाला. वनखात्याची माणसं, स्वयंसेवक, गावकरी महिनोन्महिने शोधत राहिले. तो सापडला नाही. पण पेपरांनी त्याच्यावर रकानेच्या रकाने लिहिले, लोक आजही त्याच्याविषयी बोलतात. मला वाटतं, यात त्याच्या रुबाबाइतकाच त्याच्या नावाचाही हात आहे. नाव नसलेले किती वाघ गेले असतील, कोण मोजतो?

सिनेमाचं वेड वाईट, असं मी आता म्हणत नाही. ज्याला वेड आहे तोच जपून ठेवतो. तुमच्याही घरी माळ्यावर, ट्रंकेत, जुन्या पुस्तकांत एखादं सिनेमाचं पत्रक असेल, गाण्याची पुस्तिका असेल, टॉकीजचं तिकीट असेल, फर्माइशीच्या पोस्टकार्डाची नक्कल असेल. रद्दीवाल्याला देण्याआधी एकदा पाहा. घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारा, कुठं पाहिला, कधी पाहिला, दाखवणारा कोण होता. आणि त्याच कागदाच्या मागं गावाचं नाव, साल आणि त्या माणसाचं नाव लिहून ठेवा. आठवत नसेल तिथं रिकामं सोडा. पण कागद फाडू नका.